दिवा घेण्याआधी भिंत पांढरी करा

लखनौत 21 डिसेंबरचा दिवस साधारण 10 तास 25 मिनिटांचा असतो आणि 21 जूनचा जवळपास 13 तास 50 मिनिटांचा. नुसते तास पाहिले तर फरक साडेतीन तासांहून थोडाच कमी. पण डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत गोमतीच्या दोन्ही काठांवर दाट धुकं उतरतं. सूर्य कधी अकरा-बारापर्यंत दिसत नाही, कधी दिवसभर दिसत नाही. महाराष्ट्रातून इथे बदलीवर आलेल्या घरांना हा हिवाळा नवा असतो. पुण्यात किंवा नाशकात याच महिन्यांत आकाश स्वच्छ असतं आणि कुंडीतला भाजीपाला सर्वांत चांगला येतो. इथे मात्र खिडकीतली कोथिंबीर लांबट, फिकट होते आणि आडवी पडते. मग कोणीतरी सांगतं, ग्रो लाइट घ्या. दुसऱ्या दिवशी घरात जांभळ्या रंगाचा एक दिवा येतो, महिनाभर जळतो, आणि कोथिंबीर तशीच राहते.

हा लेख लखनौतल्या अशा घरांसाठी आहे. नागपूर, कोल्हापूर किंवा ठाण्यात बंद खोलीत पालेभाजी, मायक्रोग्रीन्स, रोपवाटिका करू पाहणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल, कारण प्रकाशाचा हिशेब सगळीकडे एकच आहे. मला ठामपणे सांगायचं आहे ते क्रमाबद्दल. आधी आहे तो प्रकाश मोजा, मग वाया जाणारा अडवा, आणि उरलेल्या तुटीपुरताच दिवा घ्या. दुकानात हाच क्रम उलटा होतो आणि पैसे तिथेच जातात.

प्रकाशाची दोन कामं

सिकंदरबागेला लागून राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे. उत्तर प्रदेश सरकारचं हे राष्ट्रीय वनस्पती उद्यान 1953 मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे आलं आणि 1978 मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. दर डिसेंबरात तिथे शेवंती आणि कोलियसचं प्रदर्शन भरतं. तुम्ही लखनौत असाल तर ते चुकवू नका. फुलं पाहायला जाच, पण प्रकाश समजून घेण्यासाठीही जा. शेवंती डिसेंबरातच का फुलते, याचं उत्तर दिव्यांच्या खरेदीशी थेट जोडलेलं आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी 1920 मध्ये दाखवून दिलं की काही झाडं फुलायचं की नाही हे दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. त्यांनी 'मेरिलँड मॅमथ' या तंबाखूच्या वाणावर काम केलं होतं. शेवंती याच गटातली. रात्र पुरेशी लांब झाली की ती कळ्या धरते. म्हणूनच पॉलिहाउसमध्ये शेवंती करणारे शेतकरी झाड उंच होईपर्यंत मध्यरात्री काही तास दिवे लावून लांब रात्र मधोमध तोडतात, आणि फुलं हवी असतील तेव्हा काळं कापड ओढून रात्र लांबवतात. महाराष्ट्रात सांगली-सोलापूरकडे ड्रॅगन फ्रूटच्या बागांत हिवाळ्याच्या रात्री दिवे लागलेले दिसतात, तिथे हेतू उलटा असतो. ते झाड लांब दिवसाचं आहे, म्हणून थंडीत त्याला रात्र लहान झाल्याचं भासवायचं.

म्हणजे प्रकाश झाडासाठी दोन वेगळी कामं करतो. एक पोटाचं, दुसरं घड्याळाचं. घड्याळाच्या कामाला फार थोडा प्रकाश लागतो. शेवंतीची रात्र तोडायला पानावर शंभरेक लक्स पुरतात, म्हणजे साध्या घरगुती एलईडी बल्बचं काम आहे ते. पोटाच्या कामाला पालेभाजीलाही दहा-पंधरा हजार लक्स लागतात. शेतात नऊ वॉटच्या बल्बावर ड्रॅगन फ्रूट आलेलं पाहून कोणी त्याच बल्बाखाली घरात टोमॅटो वाढवायला गेलं, तर पदरी काही पडणार नाही. बागेतल्या बल्बाने झाडाला फक्त वेळ सांगितली, जेवण उन्हाने दिलं.

घड्याळाचा भाग घरातही विसरू नका. बैठकीत शेवंतीची कुंडी ठेवली आणि रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट चालू राहिली, तर कळ्या लांबतात. पॉइन्सेटियाचंही तसंच. कोथिंबीर आणि पालक यांना 16-18 तास प्रकाश दिला तर ती पानं सोडून तुऱ्यावर जातात, त्यांना 12 ते 13 तास पुरे. पुदिना बरोबर उलट. थंडीतल्या लहान दिवसांत तो उभा वाढायचा थांबतो आणि जमिनीलगत धावरे सोडत बसतो. त्याला 15-16 तास द्या, उभा राहतो. लखनौशेजारचा बाराबंकी जिल्हा मेंथा, म्हणजे पुदिन्याचाच भाऊबंद, पिकवणारा म्हणून प्रसिद्ध आहे. तिथलं पीक उन्हाळ्याच्या लांब दिवसांत कापणीला येतं.

आणि एक गोष्ट मराठी घरांसाठी खास. जानेवारीत कढीपत्त्याची पानं गळतात ती प्रकाशाच्या तुटीने नव्हे, थंडीने. रात्री पारा सात-आठ अंशांवर येतो आणि झाड झोपी जातं. त्याच्यावर दिवा लावू नका. पाणी कमी करा, कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवा, मार्चमध्ये ते आपोआप फुटतं.

वॉट सोडा, लक्स मोजा

खोक्यावर 'वॉट' छापलेले असतात. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. लुमेन आणि लक्स म्हणजे माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटतो ते. पानाला यातलं काहीच थेट कळत नाही. पान प्रकाशाचे कण मोजतं, तेही साधारण 400 ते 700 नॅनोमीटर लांबीच्या लहरींतले. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला असे किती कण पडतात त्या आकड्याला पीपीएफडी म्हणतात, तो मायक्रोमोलमध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात हा आकडा 2000च्या आसपास जातो. दिवसभरात पडलेल्या कणांची एकूण बेरीज म्हणजे डीएलआय, ती मोलमध्ये. हिशेब सोपा आहे. पीपीएफडीला तासांनी गुणा आणि येईल त्याला 0.0036 ने गुणा. 200 मायक्रोमोल 16 तास दिले तर साडेअकरा मोल होतात.

पिकांची भूक ढोबळमानाने अशी: मायक्रोग्रीन्सना 5 ते 8 मोल, कोथिंबीर-मेथी-पालक यांना 10 ते 12, लेट्यूसला 12 ते 17, स्ट्रॉबेरीला 15-20, टोमॅटो आणि ढोबळी मिरचीला 20 ते 30. अळिंबीला यातलं काही नको. धिंगरीला छत्र्या धरताना वाचता येईल इतपत उजेड पुरतो, तिच्या शेडमध्ये ग्रो लाइट लावणं म्हणजे निव्वळ बिल वाढवणं.

हे मोजायचं खरं यंत्र, क्वांटम मीटर, महाग असतं आणि घराला त्याची गरज नाही. साधा लक्स मीटर घ्या. मोबाइलवरचं अ‍ॅप आकडा बरोबर सांगेलच असं नाही, पण दोन जागांची तुलना करायला चालतं. पांढऱ्या एलईडीचा लक्स आकडा 70 ने भागला की अंदाजे पीपीएफडी मिळतो, उन्हाचा असेल तर 54 ने. म्हणजे 14 हजार लक्स पांढरा एलईडी प्रकाश म्हणजे सुमारे 200 मायक्रोमोल. ही पद्धत जांभळ्या-गुलाबी दिव्यांना लागू पडत नाही, कारण लक्स मीटर डोळ्यासारखा हिरव्याकडे झुकलेला असतो.

आता हा मीटर घेऊन धुक्याच्या दिवशी खिडकीपासून हातभर आत उभे राहा. समजा 1000 लक्स दिसले. 54 ने भागले, अठरा-एकोणीस मायक्रोमोल. नऊ तासांचे झाले 0.6 मोल. कोथिंबिरीला हवेत दहा. डोळ्याला ती जागा चांगली उजेडाची वाटते, पण रोपाला तिथे गरजेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी मिळतं.

खिडकीची दिशा लखनौत आणखी एक गंमत करते. इथलं अक्षांश 26.85 अंश उत्तर. 21 जूनला दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर, 86 अंशांच्याही वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून आत ऊन येतच नाही. 21 डिसेंबरला तो जेमतेम 40 अंशांवर असतो आणि त्याच खिडकीतून ऊन खोलीत दूरवर शिरतं, धुकं नसेल तर. म्हणून इथे दक्षिणेची खिडकी हिवाळ्यासाठी राखा आणि उन्हाळ्यात कुंड्या पूर्वेला हलवा. एवढं केल्यावर दिव्याची गरज कित्येक घरांत फक्त डिसेंबर-जानेवारीपुरती उरते.

रिफ्लेक्टर: सर्वांत स्वस्त प्रकाश

दिव्यातून निघालेला प्रकाश सगळा पानांवर पडत नाही. बराच बाजूंनी निसटतो आणि भिंतीत मुरतो. भिंत उघड्या सिमेंटची असेल तर ती आलेल्या प्रकाशाचा जेमतेम तिसरा हिस्सा परत करते. दोनदा आपटला की अकराएक टक्के उरतो. तीच भिंत बिनचकाकीच्या पांढऱ्या रंगाची असेल तर एका आपटीत नव्वदीच्या आसपास परत येतो, दोनदा आपटूनही 80 टक्के शिल्लक राहतो. हा फरक विकत घ्यायला विजेचं एक युनिटही लागत नाही.

लखनौच्या जुन्या घरांत चुन्याची सफेदी अजून होते. ताजा, दाट दोन हातांचा चुना हा उत्तम रिफ्लेक्टर आहे, शिवाय बुरशीला तो मानवत नाही. नव्या फ्लॅटमध्ये बिनचकाकीचा पांढरा इमल्शन रंग लावा, क्रीम किंवा ऑफ-व्हाइट नको. चकचकीत ऑइल पेंटपेक्षा मॅट रंग का, तर तो प्रकाश सर्व बाजूंना पसरवतो, एका जागी ठिपका पाडत नाही.

भिंत रंगवता येत नसेल किंवा रॅक खोलीच्या मधोमध असेल, तर एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने पांढरी असलेली पॉलिथिनची शीट मिळते. पांढरी बाजू आत ठेवून रॅकच्या तिन्ही बाजूंना लावा. चौथी बाजू पडद्यासारखी उघडता येईल अशी असू द्या. चांदीसारखी चकाकणारी मायलर फिल्म कागदोपत्री यापेक्षा सरस, ती 92 ते 97 टक्के प्रकाश परतवते. पण हा आकडा ताणून, सपाट लावलेल्या फिल्मचा आहे. सुरकुतली, धूळ बसली की पांढऱ्या रंगाहून फार पुढे राहत नाही. स्वयंपाकघरातला फॉइल मला पसंत नाही. त्याच्या सुरकुत्यांमुळे प्रकाश एकसारखा पसरत नाही आणि तो लवकर फाटतो. मायलर आणि फॉइल दोन्हींत धातू आहे, वीज वाहून नेतात, तेव्हा होल्डर आणि उघड्या जोडण्यांपासून ते चांगले लांब ठेवा. थर्माकोलचे पांढरे तक्ते प्रकाश चांगला परततात, पण ते पेट घेतात. दिव्याच्या किंवा त्याला वीज पुरवणाऱ्या डबीच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, जवळ थर्माकोल कधीही लावू नका. आरसाही नको. काच प्रकाश खाते, आरसा महाग पडतो आणि वजनदार असतो.

लावताना तीन गोष्टी पाहा. रिफ्लेक्टर दिव्याच्या उंचीपासून थेट कुंडीच्या कडेपर्यंत खाली यायला हवा, अनेक जण तो फक्त वर लावतात आणि खालून प्रकाश निसटत राहतो. तो पानांपासून चार बोटं दूर असू द्या, चिकटवला की पानं ओली राहतात. आणि वर-खाली हवेला वाट ठेवा. चहूबाजूंनी गच्च बंद केलेली पेटी पावसाळ्यात बुरशीचं घर होते.

खालची बाजूही उपयोगाची आहे. कुंड्यांमधल्या जागेवर पांढरा कागद किंवा चंदेरी मल्चिंग पेपर अंथरला की सावलीतल्या खालच्या पानांना थोडा प्रकाश मिळतो, आणि चंदेरी पेपरने पांढरी माशी व मावा बिचकतात. हायड्रोपोनिक टाकीवर अपारदर्शक झाकण ठेवून त्याचा वरचा भाग पांढरा करा, पाण्यात शेवाळ धरणार नाही.

ही युक्ती खिडकीलाही लागू होते. कुंडीच्या खोलीकडच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा एक पुठ्ठा उभा करा. खिडकीकडे वाकणारं रोप सरळ होतं, कारण त्याला दोन्ही बाजूंनी प्रकाश मिळू लागतो. पण रिफ्लेक्टर प्रकाश निर्माण करत नाही, हे ध्यानात असू द्या. 0.6 मोलच्या जागेवर कितीही पांढरा रंग फासला तरी तिथे दहा मोल होणार नाहीत. तिथे दिवाच लागेल.

दिवा निवडताना

दिव्याची खरी गुणवत्ता एका आकड्यात असते. एक ज्यूल वीज खाऊन तो किती मायक्रोमोल प्रकाश देतो? जुना पिवळा बल्ब जेमतेम 0.3 देतो, त्याची वीज जवळपास सगळी उष्णतेत जाते. सीएफएल आणि जुन्या ट्यूबलाइट एकच्या आसपास. हरितगृहांत वर्षानुवर्षं वापरले गेलेले हाय प्रेशर सोडियमचे चांगले दिवे 1.7. घरात लावतो ती पांढरी एलईडी ट्यूब साधारण दीड. आणि खास पिकांसाठी बनवलेले चांगले एलईडी पॅनल अडीच ते तीन. विक्रेत्याला हा आकडा विचारा. तो खोक्यावर किंवा माहितीपत्रकात नसेल आणि तिथे फक्त '1000 वॉट' असं मोठं लिहिलेलं असेल, तर तो दिवा ठेवून या. असे कित्येक दिवे प्रत्यक्षात 100-120 वॉटच घेतात. प्लगमध्ये बसवायचा छोटा वॉटमीटर मिळतो, त्यावर खरा आकडा दिसतो.

जांभळा की पांढरा, हा प्रश्न सगळेच विचारतात. माझं उत्तर पांढरा. झाडाला फक्त लाल आणि निळा लागतो, हिरवा वाया जातो, हा समज फार पसरलेला आहे. संशोधक मॅक्री यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक पिकांच्या पानांवर मोजून दाखवलं की हिरव्या प्रकाशावरही प्रकाशसंश्लेषण चांगलं चालतं. दाट पालवीत तर हिरवा प्रकाश खालच्या थरांपर्यंत पोचतो. लाल एलईडी वीज वाचवतात, निळा रोपाला बुटकं आणि दणकट ठेवतो, म्हणून चांगल्या पॅनलमध्ये पांढऱ्याच्या जोडीला 660 नॅनोमीटरचे थोडे लाल दिवे असतात. हे मिश्रण उत्तम. पण नुसत्या जांभळ्या उजेडात पिवळं पडलेलं पान, मावा, करपा यांतलं काहीच नीट दिसत नाही, आणि घरात पीक करणाऱ्याचं सर्वांत मोठं भांडवल त्याचे डोळे असतात.

आता किती दिवे? चार फूट बाय दोन फुटांचा एक रॅक घ्या, म्हणजे पाऊण चौरस मीटर. लेट्यूससाठी 200 मायक्रोमोल हवेत, तर पानांवर दीडशे पोचले पाहिजेत. रिफ्लेक्टर नीट लावूनही चौथा हिस्सा गळतो असं धरा, म्हणजे दिव्यातून 200 निघायला हवेत. अडीच क्षमतेचा पॅनल असेल तर 80 वॉट पुरतात. 20 वॉटच्या, सुमारे 2100 लुमेनच्या साध्या एलईडी ट्यूब लावल्या तर एकीतून तीसच निघतात, म्हणजे सहा-सात ट्यूब. सहा धरल्या तर 120 वॉट. 16 तास चालवून महिन्याला पॅनलची वीज 38 युनिट, ट्यूबची 58. युनिटला सात रुपये धरले तर 270 आणि 400 रुपये. तुमचा दर बिलावर पाहून हा हिशेब पुन्हा करा. हंगामापुरते दोन महिने चालवायचं असेल तर ट्यूब स्वस्त पडतात, त्या नाका हिंडोल्याच्या किंवा लाटूश रोडच्या दुकानात हाताशी मिळतात आणि एक गेली तर एकच बदलता येते. वर्षभर रोज चालवायचं असेल तर पॅनलच घ्या. मायक्रोग्रीन्सच्या रॅकला तीन-चार ट्यूब पुरतात.

टोमॅटो, मिरची, काकडी दिव्याखाली पूर्ण वाढवून फळं घेणं घराला परवडत नाही, हेही इथेच सांगतो. त्यांची भूक पालेभाजीच्या दुप्पट आणि काळ तिप्पट. गच्चीवर ऊन फुकट आहे.

टांगणी, तास, उष्णता

ट्यूब रोपांच्या शेंड्यापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर, 100 वॉटचं पॅनल 30 ते 45 सेंटिमीटरवर टांगा. साखळी किंवा दोरीवर टांगलं की रोपं वाढतील तसं वर घेता येतं. मग रॅकवर नऊ ठिकाणी लक्स मोजा. कडेचा आकडा मधल्याच्या 70 टक्क्यांखाली असेल तर रिफ्लेक्टर कडेला खाली आणा, तरी भागलं नाही तर दिवा थोडा वर घ्या. त्यानंतर रोपाकडे पाहत राहा. खोड लांब आणि दोन पानांमधलं अंतर जास्त, म्हणजे प्रकाश कमी. शेंड्याची पानं पांढुरकी किंवा कडा वर वळलेल्या, म्हणजे दिवा फार जवळ. लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या तर आधी पंखा लावा. हवा हलत नसेल तर कोवळ्या पानात कॅल्शियम पोचत नाही, आणि प्रकाश वाढवला की ही तक्रारही वाढते.

दिवे टायमरवर चालवा. कुठल्याही पिकाला किमान सहा तास अंधार द्या. टोमॅटोला चोवीस तास प्रकाश दिला तर त्याची पानं पिवळी पडून खराब होतात.

उष्णतेचा हिशेब लखनौत वर्षातून दोनदा बदलावा लागतो. दिव्याने खाल्लेला प्रत्येक वॉट शेवटी खोलीत उष्णता होऊन उरतो, एलईडी असला तरी. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे एक किलोवॉटचे दिवे त्याचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग एकटे खातात. मे-जूनमध्ये पारा 44-45 वर जातो तेव्हा दिवे रात्री आठपासून सकाळपर्यंत चालवा आणि दुपारी पिकाला अंधार द्या. डिसेंबर-जानेवारीत तीच उष्णता कामाची असते. तेव्हा पहाटे चारपासून चालवा, म्हणजे सर्वांत थंड वेळी रॅक दोन-चार अंश उबदार राहतो. एलईडीचा ड्रायव्हर उष्णतेने लवकर मरतो, म्हणून तो रॅकच्या आत न ठेवता बाहेर, उघड्या हवेत लावा.

विजेची सुरक्षितता हा यातला मी अजिबात तडजोड न करणारा भाग. ओलावा, खत मिसळलेलं पाणी आणि 230 व्होल्ट एकाच रॅकवर असतात. अर्थिंग असलेला सॉकेट, वीज गळताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी, आयपी 65 दर्जाचे दिवे आणि ड्रायव्हरवर बीआयएसची नोंदणी, हे असल्याशिवाय पाणी घालायला हात पुढे करू नका. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका. प्लगकडे जाणारी वायर आधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलातून खाली पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. दिव्याकडे थेट पाहत काम करू नका, मुलांच्या नजरेच्या उंचीवर तो टांगू नका. दर पंधरवड्याला दिवे बंद करून, थंड झाल्यावर, कोरड्या फडक्याने दिवे आणि रिफ्लेक्टर पुसा. उन्हाळ्याच्या धुळीचा आणि दिवाळीच्या धुराचा थर डोळ्याला दिसत नाही, लक्स मीटरला दिसतो.

पैसे सर्वांत लवकर कुठे फिटतात

रोपवाटिकेत. डिसेंबर-जानेवारीत पेरलेली टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं फेब्रुवारीत गच्चीवर किंवा वाफ्यात लावायची असतात, आणि धुक्यात ती उंच, पातळ खोडाची होऊन लावल्याबरोबर कोलमडतात. चार बाय दोनच्या एका रॅकवर कप ट्रेमध्ये शेकड्याने रोपं बसतात. सहा ट्यूब, तिन्ही बाजूंना पांढरी शीट, 14 ते 16 तास, पाच-सहा आठवडे. बी उगवून वर येताच त्याच दिवशी दिवे चालू करा. दोन दिवस उशीर झाला की खोड लांबतं, आणि लांबलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही. वाफ्यात लावण्यापूर्वी आठवडाभर रोपं रोज थोडा जास्त वेळ बाहेरच्या उन्हात ठेवा. 200 मायक्रोमोलला सरावलेलं पान 1500च्या उन्हात एकदम नेलं तर भाजतं. फळं बाहेरच्या उन्हात घ्या, पण त्यांचं बालपण दिव्याखाली जाऊ द्या.

शेवटी केशराबद्दल, कारण हल्ली त्याची विचारणा लखनौतूनही होते आणि महाराष्ट्रातूनही. बंद खोलीत, मातीविना, ट्रेमध्ये ठेवलेल्या कंदांवर जांभळी फुलं आलेली दाखवतात, ती खरी असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात खोली 15 ते 17 अंशांवर ठेवली की कंद स्वतःच्या साठ्यावर फुलतो, त्याला त्यासाठी दिवा लागत नाही. पण फुलणारा कंद त्याच वर्षी संपतो. पुढच्या वर्षीचे कंद तयार होतात ते फुलांनंतर एप्रिलपर्यंत वाढणाऱ्या पानांच्या अन्नावर, आणि त्या पानांना माती, खत आणि भरपूर प्रकाश लागतो. काश्मीरमध्ये फुलं खोलीत घेतली तरी नंतर कंद शेतात लावतात ते यासाठीच. एक ग्रॅम केशराला दीडशेच्या वर फुलं लागतात. कंद आणि जांभळे दिवे एकत्र विकणाऱ्याला एवढंच विचारा, नोव्हेंबर ते एप्रिल पानांना रोज किती मोल प्रकाश मिळणार आणि त्याचं विजेचं बिल किती. याचं उत्तर आकड्यांत, कागदावर मिळत नाही तोवर एक रुपयाही देऊ नका.